बाटलीतले पाणी : एका वादाची चिकित्सा

२०१९ च्या मे महिन्यात माण तालुक्यातल्या एका गावी मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. गाव टँकरवर होते. मांडवाच्या एका बाजूला दोनशे मिलिलिटरच्या पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे रचले होते आणि पोरे त्या अर्ध्या पिऊन टाकून देत होती. राज्यातील प्लॅस्टिकबंदीला वर्ष होत आले होते. मी त्या काळी बाटलीबंद पाण्याविषयीचे जे मिळेल ते वाचत होतो, लेबले जमवत होतो, एका साप्ताहिकात दोन लेखही लिहून झाले होते. त्यामुळे तोंड बंद राहिले नाही. एका लिटरमागे किती ऊर्जा, किती तेल, किती कचरा, हे मी शेजारी बसलेल्यांना ऐकवू लागलो. मित्राची आई तिथेच खाटेवर बसली होती. वय ऐंशीच्या घरात. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि हातातली बाटली वर करून म्हणाली, "बाबा, ह्या बाटलीचं झाकण मीच पयल्यांदा उघडलंय. माझ्या आदी हिला कुनी हात लावला न्हाई. आमी तुमच्या आळीत वंजळीनं पानी प्यालोय, वरनं वतल्यालं. तवा तुमी लिव्हलं न्हाई काय."

'तवा' मी जन्मलोही नव्हतो, असे उत्तर देता आले असते. पण ज्या घरांच्या ओट्यावरून ते पाणी वरून ओतले जाई, तसल्याच एका घरात मी वाढलो आहे. मी गप्प बसलो. त्या दिवसानंतर बाटलीबंद पाण्यावरचे माझ्या कपाटातले सारे लिखाण मी पुन्हा वाचून काढले, स्वतःचे दोन लेख धरून. हा लेख त्या वाचनाचा आहे. मी जलशास्त्रज्ञ नाही आणि माझे शिक्षण बारावीवर थांबलेले आहे, तेव्हा पाण्याविषयी नवे काही सांगण्याचा दावा नाही. पाण्याविषयी जे लिहिले-बोलले जाते ते कसे रचलेले आहे, एवढेच मला तपासायचे आहे.

या वादातली बहुतेक शस्त्रे अमेरिकेत घडली. एलिझाबेथ रॉइट यांचे 'बॉटलमेनिया' २००८ साली आले, 'टॅप्ड' हा माहितीपट २००९ साली आणि पीटर ग्लीक यांचे 'बॉटल्ड अँड सोल्ड' २०१० साली. तिन्हींत ग्लीक यांचे पुस्तक मला सर्वांत भक्कम वाटते, कारण त्यामागे मोजमाप आहे. त्यांनी आणि हेदर कूली यांनी २००९ साली मांडलेला हिशेब असा, की बाटलीतले एक लिटर पाणी गिऱ्हाइकाच्या हाती येईपर्यंत ५.६ ते १०.२ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. नळाच्या पाण्याच्या तुलनेत हे प्रमाण दोन हजार पटींपर्यंत जाते. यातला मोठा वाटा बाटलीच्या प्लॅस्टिकचा आणि पाणी लांबवर वाहून नेले तर वाहतुकीचा. पुढे २०२१ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्या शहरापुरते गणित मांडले. सगळे शहर बाटलीवर गेले, तर परिसंस्थेवरचा भार नळाच्या तुलनेत सुमारे १४०० पट आणि साधनसंपत्तीचा खर्च सुमारे ३५०० पट होईल. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या जलसंस्थेने २०२३ च्या अहवालात जगभरची विक्री वर्षाला सुमारे ३५० अब्ज लिटर आणि बाटल्यांची संख्या सुमारे ६०० अब्ज असल्याचे म्हटले.

हे आकडे मी नाकारत नाही, आणि माझ्या त्या दोन लेखांतही असेच आकडे होते. माझी तक्रार आकडे ज्या गोष्टीत गुंफले जातात त्या गोष्टीबद्दल आहे. तिच्यात एक ठरलेले पात्र असते : भोळा, जाहिरातीला भुललेला गिऱ्हाईक. घरात शुद्ध पाणी फुकटासारखे येत असताना तो त्याच पाण्यासाठी शेकडो पट पैसे मोजतो. ही गोष्ट तिच्या जागी खरी आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये कोका-कोलाने 'दसानी' बाजारात आणले, तेव्हा ते लंडनजवळच्या सिडकपच्या नळाचेच पाणी असल्याचे उघड झाले. त्यातच त्यात ब्रोमेट हे घातक रसायन मर्यादेपेक्षा जास्त सापडले. ते मुळात नळात नव्हते, कारखान्यातल्या प्रक्रियेत तयार झाले होते. सुमारे पाच लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. असे प्रहसन कुणी रचूनही रचले नसते.

पण तेच पात्र उचलून आपण मराठीत आणले, तेव्हा त्याच्या घरातला नळ आणायला विसरलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एकूण पाच लाख लिटर. त्या महिन्यात लातुरात जो माणूस पाण्याची बाटली विकत घेत होता, त्याला जाहिरातीचा बळी कोण म्हणेल? माझ्या २०१७ च्या लेखात मी 'आपण नळाकडे परत जाऊ या' असे वाक्य लिहिले होते. परत? माण-खटावातल्या कितीतरी वस्त्यांत तेव्हा नळ पोचायचाच होता. ते वाक्य इंग्रजीतून आले होते. शब्द माझे होते, पण उभे राहण्याची जागा दुसऱ्याची होती.

आता लेबलांकडे वळतो. माझ्याकडे चपलांच्या दोन खोक्यांत तीनशेच्या वर लेबले आहेत. एसटी स्टँडवर, रेल्वेत, लग्नांत, सत्यनारायणात जमवलेली. घरच्यांच्या मते हे वेडाचे लक्षण, पण साहित्याचा अभ्यासक हस्तलिखिते जमवतो तसेच हे आहे. निम्मी लेबले नावाच्या नकलांनी भरलेली आहेत. एकच अक्षर इकडचे तिकडे करून प्रसिद्ध नावाचा भास निर्माण करायचा. 'बिसलेरी' हे आपल्याकडे पाण्याचे सामान्यनाम झाले, त्याची ही पावती. हे नाव मुळात फेलिचे बिसलेरी या इटालियन माणसाचे. १९६५ साली त्या नावाचे पाणी ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये काचेच्या बाटल्यांत भरले जाऊ लागले आणि चार वर्षांनी पार्लेने तो धंदा विकत घेतला. त्या वेळी ते पंचतारांकित हॉटेलांचे आणि परदेशी पाहुण्यांचे पाणी होते. ते सामान्यांच्या हाती आले ते बाटली स्वस्त झाल्यावर. आजच्या पेट बाटलीचे पेटंट १९७३ साली नॅथॅनिएल वायथ या अभियंत्याला मिळाले. योगायोग असा, की प्रसिद्ध चित्रकार अँड्र्यू वायथ हा त्याचा भाऊ. एका भावाची चित्रे संग्रहालयात जपून ठेवली आहेत. दुसऱ्याची निर्मिती जपावी लागत नाही, ती आपोआपच टिकते.

लेबलावर काय असते? परवाना क्रमांक, बॅच, तारीख, प्रक्रियेची नावे, 'वापरानंतर बाटली चुरगाळा' ही सूचना, आणि बहुतेकांवर डोंगर. तीनशेंपैकी जवळजवळ सर्वांवर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असे छापलेले आहे, जरी आपण सारे त्याला 'मिनरल वॉटर' म्हणतो. कायद्याने या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची मानकेही वेगळी आहेत. नैसर्गिक मिनरल वॉटर उगमापाशीच भरावे लागते आणि त्यावर उगमाचे नाव असते. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर कुठलेही पाणी असू शकते : बोअरचे, नदीचे, नळाचे. ते गाळून, आरओतून काढून, ओझोन सोडून भरायचे. म्हणून लेबलावर कारखान्याचा पत्ता सापडतो, पण पाण्याचा सापडत नाही. माझ्या संग्रहातल्या डोंगरांच्या चित्रांखाली कारखान्यांचे पत्ते बहुतेक एमआयडीसीचे आहेत.

या न लिहिलेल्या पत्त्याशी वादाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत लवकर विसरला गेलेला प्रसंग जोडलेला आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली आणि मुंबईत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांची तपासणी प्रसिद्ध केली. लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस अशी कीटकनाशके त्यांत निघाली. गदारोळ झाला, मानके बदलली. आधीच्या नियमात कीटकनाशक 'आढळू नये' एवढेच मोघम म्हटले होते. त्याजागी एका कीटकनाशकासाठी लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम अशी मर्यादा आली. कंपन्यांनी गाळण्या सुधारल्या आणि प्रकरण मिटले. वादाच्या इतिहासात हे ग्राहक चळवळीचे यश म्हणून नोंदले गेले आहे, आणि ते यश होतेच.

पण तो अहवाल आज वाचताना वेगळेच जाणवते. ही कीटकनाशके बाटलीत कुणी घातली नव्हती. ती जमिनीतल्या पाण्यातून आली होती आणि तेच पाणी आसपासची गावे हापशातून, विहिरीतून पीत होती. बाटली हा त्या परिसराच्या भूजलाचा फुकट मिळालेला नमुना होता. त्यातून विहिरीचा प्रश्न उभा राहायला हवा होता, आणि उभा राहिला बाटलीचा. बाटलीला मानक मिळाले. नळाच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक आहे खरे, पण ते पाणीपुरवठा करणाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक नाही. म्हणजे पंधरा-वीस रुपये मोजणाऱ्याच्या पाण्याला कायदा आहे आणि घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्याच्या पाण्याला मार्गदर्शक सूचना. कुठल्याही पर्यावरणवादी पुस्तकापेक्षा मला ही विसंगती जास्त बोलकी वाटते आणि मराठीतल्या चर्चेत ती क्वचितच येते. आपण तेव्हापासून बाटली शुद्ध आहे की नाही यावरच भांडत आहोत. २०२४ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या तीन ब्रँडच्या पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लॅस्टिककण मोजले. त्यातले सुमारे नव्वद टक्के नॅनो आकाराचे. आपल्याकडे ही बातमी अशी फिरली, की जणू आता लोक बाटली सोडतील. सोडून जायचे कुठे, हा प्रश्न त्या बातम्यांत नव्हता.

इथे मित्राच्या आईकडे परत जायला हवे.

आपल्या समाजात पाणी कधी नुसते पाणी नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ती घटना सांगण्याजोगी ठरली, यावरून बाकीच्या हौदांची स्थिती कळते. ब्रिटिश काळात रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक ओंजळभर पाणी प्यायले, त्यासाठी मार खाल्ला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. पाण्याच्या भांड्यावर, ते कुणी उचलले, कुणाला कसे दिले यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे अपमान साचलेले आहेत. जिच्या झाकणाची कडी तुम्हीच तोडता आणि जी कुणाच्याही हातात सारखीच दिसते, अशी मोहोरबंद बाटली या पार्श्वभूमीवर येते, तेव्हा तिचा अर्थ कॅलिफोर्नियातल्या किंवा बार्सिलोनातल्या बाटलीचा उरत नाही. ग्लीक यांच्या पुस्तकात हा अर्थ नाही, असण्याचे कारणही नाही. तो आमच्या लेखांत असायला हवा होता. तो नव्हता, कारण लिहिणारे आम्ही बहुतेक ओतणाऱ्यांच्या ओट्यावरचे होतो.

काही काळ मी या शोधाने इतका भारावलो, की बाटलीचा वकीलच झालो. एका व्याख्यानात मी बाटलीला समतेचे पाणी म्हटले. नंतर ते बोलणेही पोकळ वाटू लागले. महाडला मागणी काय होती? आम्हांला वेगळे, स्वच्छ, सीलबंद पाणी द्या, अशी नव्हती. तसे असते तर कुणाचीच हरकत नव्हती. वेगळी विहीर द्यायला सवर्ण नेहमीच तयार असत. मागणी त्याच तळ्याची होती, सर्वांच्या तळ्याची. बाटली प्रत्येकाला स्वतंत्र तळे देते आणि सामायिक तळ्याचा प्रश्न विचारण्याची वेळच येऊ देत नाही. तिने अपमानाचा प्रसंग टाळला हे खरे. पण ज्याला पूर्वी शिवायचे नव्हते त्याचीही तिने सोय केली. आता त्याला वरून ओतावे लागत नाही आणि आपला पेलाही द्यावा लागत नाही. लग्नात बाटल्या मांडणाऱ्या यजमानांना मी अनेकदा कारण विचारले आहे. 'भांडी घासायला माणसं मिळत नाहीत' हे पहिले उत्तर असते. दोन-चारदा चहाच्या दुसऱ्या कपानंतर 'कोण कुठून आलेला असतो, आपल्याला काय माहीत' हे दुसरेही आले आहे.

तेव्हा मित्राच्या आईचे म्हणणे आणि माझे व्याख्यान यांत फरक आहे. ती एक अनुभव सांगत होती आणि तो अनुभव खोडता येत नाही. मी त्याचा सिद्धांत करून कंपन्यांच्या हाती देत होतो.

प्लॅस्टिकच्या बाजूने फार लिहीत नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. एक-दोन गोष्टी मात्र नोंदवतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या २०१७ च्या अभ्यासाचा हवाला देऊन असे सांगतात, की भारतात पेटचा सुमारे ९० टक्के पुनर्वापर होतो, युरोप-अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त. उद्योगाचे प्रतिनिधी हा आकडा अभिमानाने उच्चारतात. तो उच्चारताना कर्ता गाळला जातो. पुनर्वापर 'होतो'. करते कोण? पहाटे पोते घेऊन निघणाऱ्या बायका. पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, म्हणून निदान तिथे त्यांना नाव आहे. बाटली वेगळी, झाकण वेगळे, लेबल वेगळे, कारण तिन्हींचे प्लॅस्टिक वेगळे आणि भावही वेगळा. मी जपून ठेवतो ते लेबल त्यांच्या लेखी निव्वळ अडगळ असते. शिवाय गोळा झालेल्या बाटलीची बहुधा पुन्हा बाटली होत नाही, तिचा धागा होतो, धाग्याचे स्वस्त कापड होते आणि तिथून पुढे तो रस्ता संपतो.

दुसरी गोष्ट बंदीची. मार्च २०१८ च्या महाराष्ट्राच्या अधिसूचनेत बाटल्यांसाठी अनामत रकमेची योजना होती. एक लिटर वा त्याहून मोठ्या बाटलीला १ रुपया, लहान बाटलीला २ रुपये. बाटली परत द्या, पैसे परत घ्या. सोड्याच्या बाटल्या परत करून मोठी झालेली माझी पिढी हे सहज समजू शकली असती. गेली कित्येक वर्षे मी दुकानांत रिकामी बाटली पुढे करून तो रुपया मागतो आहे. एकदाही मिळालेला नाही. एका दुकानदाराने कीव येऊन गोळी दिली. नुसत्या विक्रीबंदीवरही माझा फारसा विश्वास उरलेला नाही. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट विद्यापीठाने २०१३ साली आवारात बाटलीबंद पाणी विकणे थांबवले. नंतर मोजले, तर बाटल्या कमी झाल्याच नव्हत्या. मुले गोड पेये जास्त पिऊ लागली होती.

आणि या सगळ्या वादाच्या खाली, कुणाच्याच पुस्तकात नसलेला, निळा किंवा हिरवा वीस लिटरचा जार आहे. आपल्या छोट्या शहरांत आणि गावांत पाण्याचा खरा धंदा त्याचा आहे. बाटली ही प्रवासातली वस्तू, जार हा घरातला, दुकानातला, तेराव्यातला. थंड पाण्याचा, नुसते झाकण लावलेला जार मोहोरबंद नसतो, म्हणून तो 'पॅकेज्ड' या व्याख्येत बसत नाही. अन्न-औषध प्रशासन म्हणते आमच्या कक्षेत नाही आणि नगरपालिका म्हणते परवाना आम्ही देत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गीयान-बारे आजाराची साथ आली, पाण्यावर संशय गेला, लोकांनी नळ सोडून जारकडे धाव घेतली. मग तपासणीत काही खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही दूषित निघाले. नळ आणि बाटली यांच्यातल्या वादात त्या लोकांनी कुठल्या बाजूला उभे राहायचे होते? आपल्या चर्चेने शुद्ध नळ विरुद्ध चैनीची बाटली असा जो सामना रंगवला आहे, त्याच्या मैदानाबाहेर हा जार उभा आहे आणि निम्मा महाराष्ट्र तिथेच पाणी पितो.

गेल्या वर्षी त्याच मित्राच्या धाकट्या मुलीचे लग्न होते. आई आता नाही. मित्राने बाटल्या आणल्या नाहीत. माझ्या आग्रहाने नव्हे, त्या मुलीनेच नको म्हटले होते. ती पुण्यात नर्स आहे. मांडवात दहा-बारा जार आणि स्टीलचे पेले ठेवले होते. पेले विसळायला एक टब. जो तो येऊन आपापला पेला भरत होता, विसळून पालथा घालत होता. वराकडचे काही लोक वेगळ्या समाजाचे होते. मी बराच वेळ तिथे उभा राहून पाहिले आणि त्यातले दोघे आपल्या गाडीतून बाटली घेऊन आलेलेही पाहिले.

जार उतरवणाऱ्या पोराला मी सवयीने विचारले, पाणी कुठले.

"प्लांटचं."

"प्लांटला कुठून येतं?"

"बोअर हाय की, कारखान्याच्या मागं."

कुठल्या कारखान्याच्या, ते त्याने सांगितले नाही. टेम्पो सुरू होता. जारवर लेबल नव्हते.